प्रसाद नाकारणारा शेजारी

25 नोव्हेंबर 2025 रोजी सर्वोच्च न्यायालयाने सैन्यातल्या एका ख्रिस्ती अधिकाऱ्याची बडतर्फी कायम ठेवली. त्यानंतर कोल्हापुरात जाईन तिथे कोणी ना कोणी मला या विषयावर गाठत होते. प्रकरण थोडक्यात असे. शीख जवानांच्या तुकडीचा हा अधिकारी रेजिमेंटच्या धार्मिक परेडला जवानांबरोबर जात असे, पादत्राणे काढून, पगडी बांधून त्यांच्यासोबत उभा राहत असे. गाभाऱ्यात जाऊन पूजेत भाग घ्यायला मात्र त्याचा नकार होता. सैन्याने हा शिस्तभंग मानून 2021 मध्ये त्याला काढले, मे 2025 मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने ते योग्य ठरवले आणि सर्वोच्च न्यायालयाने त्यात हस्तक्षेप केला नाही. सैन्याची गोष्ट वेगळी असते. ज्याच्या एका शब्दावर जवानाने जिवावर उदार व्हायचे, त्याच्याबद्दल जवानाच्या मनात किंतु राहू नये, ही काळजी मी उडवून लावणार नाही. निकालाचा कायदेशीर कीस काढायला जाणकार समर्थ आहेत. मला बोलायचे आहे ते निकालानंतर आपण चौकाचौकांत, कार्यालयांत आणि चर्चच्या आवारात जी चर्चा केली तिच्याविषयी, कारण ती फार वाईट झाली.

एका बाजूने सूर निघाला की बघा, ख्रिस्ती लोक किती कडवे असतात. चर्चमधले काही जण म्हणाले, हा छळ आहे, यापुढे आपण आपले वेगळे राहिलेलेच बरे. तिसरा सूर आमच्यातल्याच शिकल्यासवरल्या लोकांचा, आणि तो मला सर्वांत जास्त खटकला: दोन पावले आत गेला असता तर काय बिघडले असते? देव एवढ्यातेवढ्यावर रागावतो का? वरवर पाहता ही तीन मते एकमेकांच्या विरोधात आहेत. पण तिघांनीही एक गोष्ट न तपासताच गृहीत धरली आहे. अनेक धर्मांच्या समाजात सुखाने नांदायचे तर प्रत्येकाने आपली श्रद्धा थोडी पातळ करून घ्यायला हवी, आणि ज्याची श्रद्धा घट्ट तो शेजारी म्हणून कच्चा, हे ते गृहीतक. मला ते मुळातच चूक वाटते. इ.स. 325 मध्ये नायसियाच्या धर्मसभेत ज्या विश्वासांगीकाराचा, म्हणजे श्रद्धेच्या जाहीर कबुलीचा, पाया घातला गेला आणि जो आजही आमच्या उपासनेत उभे राहून म्हटला जातो, त्यातला शब्दन् शब्द मानणारा, येशू हाच प्रभू म्हणणारा आणि म्हणून दुसऱ्या कुठल्याही पूजेत भाग न घेणारा ख्रिस्ती माणूस या शहरात चांगला शेजारी, चांगला सहकारी, चांगला नागरिक होऊ शकतो. त्याला तसे होऊ देणे कोल्हापूरच्या परंपरेला धरूनच आहे. आणि हीच श्रद्धा त्याच्याकडून नकारापेक्षा कितीतरी महाग गोष्टी मागते. त्यांच्याबद्दल आम्ही फार कमी बोलतो.

समोरच्यांचा सर्वांत वजनदार मुद्दा आधी घेतो. ते म्हणतात, कोल्हापूरचा सलोखा सरमिसळीतून आला आहे. कुरुंदवाडला मशिदीत गणपती बसतो. बाबूजमाल दर्ग्याच्या दारावर गणपती कोरलेला आहे. मोहरमच्या पंजांपुढे हिंदू घरांतली माणसे नवस बोलतात. जिथे मशीद गणपतीला जागा देते तिथे एका ख्रिस्ती माणसाला आरतीला टाळी वाजवणे इतके जड का जावे? हा मुद्दा खरा आहे आणि सुंदरही आहे. कुरुंदवाडची ती प्रथा हे आपल्या जिल्ह्याचे भूषण आहे आणि ती मोडायला निघालेल्या कुणालाही, कुठल्याही धर्माच्या असो, विरोध करायला मी पुढे असेन. पण ती कशी सुरू झाली ते पाहा. तिथल्या माणसांनी ती आपखुशीने सुरू केली. कुणी सरकारी हुकूम काढला नव्हता, की सलोख्याचा दाखला म्हणून ती कुणाकडून मागून घेतली नव्हती. प्रेमाने दिलेली गोष्ट इतरांकडून वसूल करायला लागलो की ती जकात होते. शिवाय सरमिसळ असली की दंगल होत नाही, हेही खरे नाही. 7 जून 2023 ला याच शहरात एका मोबाइल स्टेटसवरून काय झाले ते आपण पाहिले. पंजे होते, दर्गा होता, पिढ्यान्‌पिढ्यांचा परिचय होता, तरी दगड उचलले गेले. एकमेकांचे सण साजरे करणे चांगलेच आहे, पण जो आपला सण साजरा करत नाही त्याच्याही घरावर दगड पडणार नाही, ही हमी त्यातून आपोआप मिळत नाही. ती वेगळी कमवावी लागते.

ती कशी कमवायची, हे या शहराला शंभर वर्षांपूर्वी ठाऊक होते. 1901 पासून पुढे राजर्षी शाहू महाराजांनी इथे वसतिगृहांची रांग उभी केली: मराठा, जैन, लिंगायत, मुस्लिम, अस्पृश्य विद्यार्थ्यांसाठी मिस क्लार्क, आणि त्याच मालिकेत इंडियन ख्रिश्चन होस्टेलही. ही वसतिगृहे जातीभेद पक्का करतात, अशी टीका तेव्हाही झाली आणि तिच्यात तथ्य नव्हते असे मी म्हणणार नाही. पण महाराजांनी काय केले आणि काय केले नाही हे बारकाईने पाहावे. शाळेत यायचे तर आधी आपला देव, आपली प्रार्थना, आपल्या ताटाचे नियम सोडून या, असे त्यांनी कुणाला सांगितले नाही. जैन मुलगा सूर्यास्तापूर्वी जेवला, मुसलमान मुलाने नमाज पढला, ख्रिस्ती मुलाने आपले स्तोत्र म्हटले आणि सकाळी त्यांनी एकाच शाळेची वाट धरली. मराठीत कुराण यावे म्हणून याच राजाने पैसा दिला. आज शाहूंचे नाव घेऊन कुणी म्हणत असेल की पुरोगामी कोल्हापुरात सगळ्यांनी सगळ्या देवांपुढे हात जोडलेच पाहिजेत, तर त्याने शाहूंचे हे अर्धे काम पाहिलेलेच नाही.

खरे तर रोजच्या व्यवहारात कोल्हापूरकराला हे छान समजते. तांबड्या-पांढऱ्याच्या पंगतीत एखादा माळकरी बसला की आपण काय करतो? त्याच्यासाठी वेगळी आमटी आणि भाकरी येते, कुणी तरी हळूच सांगते की आबा माळकरी आहेत, आणि जेवण पुढे सुरू होते. मटण नाकारून त्याने यजमानाचा अपमान केला, असे कुणाच्या मनातही येत नाही. उलट त्याने आग्रहाखातर दोन घास घेतले असते तर त्याच यजमानाला वाटले असते की माळ नुसती गळ्यातच आहे. माळकऱ्याच्या नकारात आपल्याला निष्ठा दिसते आणि प्रसाद बाजूला ठेवणाऱ्या ख्रिस्ती माणसाच्या नकारात माज दिसतो, याचे कारण काय?

कारण आहे, आणि ते मी टाळणार नाही. आपल्या समाजात अन्न नाकारण्याचा एक अतिशय वाईट इतिहास आहे. शतकानुशतके इथे माणसाच्या हातचे पाणी त्याच्या जन्मामुळे नाकारले गेले. गंगाराम कांबळेंनी चहाचे दुकान काढले तेव्हा त्यांच्या हातचा चहा घ्यायला लोक तयार नव्हते आणि शाहू महाराजांनी स्वतः तिथे थांबून तो घेतला, ही गोष्ट इथल्या पोरासोरांना माहीत असते. त्यामुळे कुणी हात मागे घेतला की आपल्याला आधी तेच आठवते, आणि ते योग्यच आहे. म्हणून प्रत्येक नकाराला एक प्रश्न विचारावा: हा माणूस देणाऱ्याचा हात नाकारतो आहे, की देवापुढे ठेवलेला नैवेद्य? आमच्या कार्यालयात श्रावणात सत्यनारायण असतो. खुर्च्या लावायला, आचाऱ्याशी हिशेब करायला मी असतो. कथा सुरू झाली की फोन आणि खिडकी मी सांभाळतो, म्हणजे बाकीच्यांना निवांत बसता येते. पहिल्या वर्षी आमचे शिपाईमामा द्रोण घेऊन माझ्या टेबलाशी आले. वर तुळशीचे पान, कडेने तूप सुटलेला शिरा, केळ्याचे काप. मी हात जोडून म्हणालो, मामा, हा पूजेतला आहे, मला नको, पण जेवायला मी तुमच्याच पंगतीत बसणार. ते क्षणभर माझ्याकडे बघत राहिले. मग म्हणाले, "प्रसाद न्हाई तर न्हाई. जेवायला बसा म्हंजे झालं." त्यांनीच वाढलेली पुरी-भाजी मी त्यांच्या शेजारी बसून खाल्ली. तेव्हापासून हा प्रश्न आमच्यात कधी निघालेला नाही, आणि नाताळात माझ्या घरची करंजी सगळ्यात आधी त्यांच्या टेबलावर जाते. पंगत मोडली असती, मी डबा घेऊन कोपऱ्यात गेलो असतो, तर मामांना राग येणे रास्त ठरले असते.

आता आमच्या लोकांशी थोडे बोलतो, कारण पुष्कळांना वाटते की असा विवेक करणे म्हणजे तडजोड. ज्यांना असे वाटते त्यांनी बायबलमधले, करिंथकरांस प्रेषित पौलाने लिहिलेले पहिले पत्र पुन्हा वाचावे. तिथला प्रश्न हुबेहूब हाच होता. करिंथात बाजारातले मांस बहुधा कुठल्या ना कुठल्या देवळातून आलेले असे, आणि मेजवान्याही देवळाच्या आवारात होत. पौलाने सरसकट हो म्हटले नाही आणि सरसकट नाहीही म्हटले नाही. बाजारात मिळते ते चौकशी न करता खा. कुणी जेवायला बोलावले आणि जावेसे वाटले तर जा, पुढे वाढतील ते खा. पण कुणी सांगितले की हे मूर्तीला वाहिलेले आहे, तर सांगणाऱ्याच्या विवेकासाठी खाऊ नका. म्हणजे पौलाला ख्रिस्ती माणूस पंगतीत हवा आहे, पूजेत नको आहे. त्याने लक्ष्मणरेषा आखली ती खुद्द उपासनेभोवती. आम्ही ती ओढत ओढत शेजाऱ्याच्या उंबऱ्यापर्यंत आणली तर त्याला पौल जबाबदार नाही. जुन्या करारातला नामानही आठवावा. अरामाचा हा सेनापती इस्राएलाच्या देवावर विश्वास ठेवू लागला आणि अलीशाला म्हणाला, माझा राजा रिम्मोनाच्या देवळात माझ्या हातावर टेकून नमन करतो तेव्हा मलाही वाकावे लागते, तेवढ्याची क्षमा व्हावी. संदेष्ट्याने त्याला फटकारले नाही, शांतीने जा म्हणाला. सैन्याच्या प्रकरणात हा दाखला दोन्ही बाजूंनी वापरता येईल. मला त्यातून एवढेच दिसते की सद्सद्विवेकाच्या सीमारेषेवर उभ्या असलेल्या माणसाला सल्ला देताना अलीशासारख्या संदेष्ट्यानेही घाई केली नाही. मग समाजमाध्यमांवरून त्या तरुण अधिकाऱ्याला कुणी मूर्ख आणि कुणी हुतात्मा ठरवायची आपल्याला एवढी घाई कशासाठी?

ही रेषा नेमकी कुठे, यावर चर्चही शतकानुशतके भांडले आहे. चीनमधल्या ख्रिस्ती लोकांनी पूर्वजांना आणि कन्फ्यूशियसला दिलेला मान ही पूजा की नागरी आदर, या वादात रोमने 1742 मध्ये बंदी पक्की केली आणि 1939 मध्ये ती बरीचशी उठवली. एवढ्या मोठ्या संस्थेला जवळपास दोनशे वर्षे सापडत नव्हते ते उत्तर आपल्या मंडळीतल्या विशीतल्या मुलाने खंडेनवमीला कारखान्यात, यंत्राला हळदकुंकू लागत असताना, एका क्षणात शोधावे अशी आपली अपेक्षा असते. त्याला कुणी शिकवलेले असते का? 6 मे 2022 ला शाहू महाराजांच्या स्मृतिशताब्दीनिमित्त सगळे कोल्हापूर 100 सेकंद जागच्या जागी स्तब्ध उभे राहिले होते. आमच्यातल्या कर्मठातल्या कर्मठ माणसालाही तिथे अडचण आली नाही, कारण तो आदर होता, आराधना नव्हती. एका शहराने सगळ्या धर्मांच्या लोकांना घेऊन, कुणाच्याही देवाला मध्ये न आणता, इतके मोठे काही करता येते हे त्या दिवशी दिसले. कार्यालयांनी, शाळांनी अशा गोष्टी जास्त कराव्यात असे मला मनापासून वाटते.

यापुढचा आक्षेप तत्त्वाचा आहे आणि तो विचारी हिंदू मित्र घेतात. प्रसादाचे राहू द्या, ते म्हणतात, पण "आमचाच मार्ग खरा" हा दावाच मुळात हिंसक नाही का? सगळ्या नद्या एकाच समुद्राला मिळतात असे मानणारा समाज त्यामुळे दुखावणारच. मी या भावनेचा मान राखतो. पण सगळ्या नद्या एकाच समुद्राला मिळतात, हाही एक दावाच आहे. तो ख्रिस्ती माणसाला, मुसलमानाला आणि निरीश्वरवाद्याला एकदमच सांगतो की तुम्हाला तुमचीच श्रद्धा नीट कळलेली नाही. असे म्हणण्याचा हक्क त्या मित्राला आहे आणि त्यामुळे मी दुखावत नाही. मलाही तोच हक्क हवा. 14 ऑक्टोबर 1956 ला नागपुरात बाबासाहेबांनी आपल्या अनुयायांना 22 प्रतिज्ञा दिल्या. ब्रह्मा, विष्णू, महेश यांना देव मानणार नाही, त्यांची उपासना करणार नाही, इतक्या स्वच्छ शब्दांत. याहून स्पष्ट नकार कोणता? आणि त्या नकारातून एका समाजाची मान ताठ झाली, हे महाराष्ट्राला मान्य आहे. ठाम नकार आणि लोकशाहीवरची निष्ठा एकाच माणसात राहू शकतात, याचा पुरावा शोधायला आपल्याला राज्याबाहेर जायची गरज नाही.

श्रद्धा पातळ असली की ती समाजाला सोयीची असते, असे ज्यांना वाटते त्यांनी 1930 च्या दशकातल्या जर्मनीकडे पाहावे. तिथे राष्ट्र आणि ख्रिस्त यांची सरमिसळ करणारा मोठा गट चर्चमध्ये होता. काळाबरोबर चला, असे तो सांगत होता आणि यहुदी वंशाच्या पाळकांना बाहेर काढायलाही तयार झाला होता. त्याच्याविरुद्ध मे 1934 मध्ये बार्मेन शहरात चर्चमधले जे लोक जमले त्यांनी जुन्याच श्रद्धेचा आधार घेतला: ख्रिस्ताशिवाय दुसऱ्या कुणाला आम्ही प्रभू म्हणणार नाही. त्यांनी पुरेसे केले का? नाही, त्यांच्यातलेही कितीतरी यहुदी शेजाऱ्यांसाठी गप्प राहिले. पण जे थोडे उभे राहिले त्यांना उभे राहायला जागा या "कडव्या" वाक्याने दिली. सत्तेपुढे न वाकणारी माणसे ज्या समाजाला हवी आहेत, त्याने आपल्यापुढेही न वाकणाऱ्याला थोडे सोसायला शिकावे.

आमच्या पदरातल्या चुकाही मोजायला हव्यात. 1852 मध्ये मिशनरी रॉयल वाइल्डर कोल्हापुरात आले तेव्हापासून मिशनने इथे शाळा काढल्या, 1894 मध्ये मिरजेला वान्लेसांचा दवाखाना उभा राहिला, आणि त्या दवाखान्यातून बरे होऊन गेलेल्यांच्या पिढ्या दक्षिण महाराष्ट्रात सगळीकडे आहेत. पण त्याच काळातल्या मिशनरी लिखाणात हिंदू देवदेवतांविषयी जो तुच्छतेचा सूर आहे, तो वाचताना मान खाली जाते. आजही काही प्रचारक दुसऱ्याच्या देवाची टिंगल करतात, आजार बरा करून देतो म्हणून गरिबाला बोलावतात. हे सुवार्तेचे काम नव्हे आणि त्याचा निषेध सर्वांत आधी आमच्या व्यासपीठावरून व्हायला हवा. श्रद्धा मूळची आणि घट्ट असणे म्हणजे ती परदेशी असणेही नव्हे. पंडिता रमाबाईंचा 1883 मध्ये इंग्लंडात बाप्तिस्मा झाला, तरी क्रुसावर लॅटिन अक्षरे कशाला, संस्कृत का नकोत, असे त्यांनी तिथल्या भगिनींना विचारले. रेव्हरंड टिळकांनी येशूला अभंगात गायिले आणि ते अभंग आम्ही आजही टाळ-मृदंगावर म्हणतो. दोघांनीही ख्रिस्ताविषयीची निष्ठा तसूभर सैल केली नाही आणि मराठीपणही सोडले नाही.

पण सर्वांत मोठी उणीव प्रचाराच्या पद्धतीत नाही, आमच्या घरात आहे. प्रसाद न घेणे सोपे आहे. त्याला फार तर दोन मिनिटांचा अवघडलेपणा सोसावा लागतो. विश्वासांगीकारात आम्ही "एकच पवित्र मंडळी" म्हणतो, आणि मुलीसाठी स्थळ आले की कुजबुजत विचारतो, मूळचे कोण? बाप्तिस्म्याला तीन-तीन पिढ्या उलटल्या तरी हा प्रश्न मेलेला नाही. दुसऱ्याच्या देवळाचा उंबरा ओलांडायचा की नाही यावर रात्र-रात्र वाद घालणारी मंडळी या प्रश्नावर गप्प बसते. पौलाने मूर्तीच्या नैवेद्याविषयी लिहिले, तसेच त्याने गलतीकरांना यहुदी आणि हेल्लेणी, दास आणि स्वतंत्र हा भेद ख्रिस्तात उरत नाही हेही लिहिले, आणि परराष्ट्रीयांच्या पंगतीतून उठून गेला म्हणून पेत्रासारख्या प्रेषिताला तोंडावर दोष दिला. तेही तितकेच मूळ श्रद्धेतले आहे. जमिनीच्या व्यवहारात खरी किंमत लिहिणे, कामाला येणाऱ्या बाईला आजारपणाची पगारी रजा देणे, चर्चच्या मिळकतीवरून एकमेकांवर घातलेले दावे मागे घेणे, हे सगळे त्याच नियमात बसते. आमच्या नकाराकडे हिंदू शेजारी संशयाने पाहतो तेव्हा तो अर्धवट का होईना, हेच विचारत असतो की या माणसाची निष्ठा फक्त माझ्या देवापुढेच जागी होते की काय.

म्हणून माझी मागणी दोन ठिकाणी आहे. कार्यालयांना, शाळांना, तरुण मंडळांना मी म्हणेन की वर्गणी, श्रम, पंगत, शोक, आनंद यांत आम्हाला हक्काने बोलवा आणि आराधनेच्या क्षणी बाजूला उभे राहू द्या. त्यासाठी कुणाला कारण सांगायला लावू नका. पाळकांना आणि पंचांना मी म्हणेन की तरुण संघाच्या पुढच्या बैठकीत खंडेनवमी आणि सत्यनारायण हे विषय जरूर घ्या, मुलांना करिंथकरांचे आठ ते दहा हे अध्याय नीट समजावून द्या. पण त्याच बैठकीत, मुलांच्या आईबापांना समोर बसवून, लग्न जुळवताना जात विचारणार नाही असा ठरावही मांडा आणि किती हात वर होतात ते मोजा.